सात चिंचोक्यांचा लाल

मित्रांनो, माझ्या पोटात एक लांब सुई आहे, डोक्यावर सुपारी मावेल एवढी वाटी आहे आणि पाठीवर एक छोटासा खटका आहे. खटका दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग येतो. दोन्ही एकत्र झाले की माझ्या नाकातून धुकं निघतं, इतकं बारीक की तळहातावर घेतलंत तर नुसता गारवा लागेल. एके काळी माझं अंग आरशासारखं चकचकीत होतं. आता बोटं लागून लागून वरचा मुलामा गेला आणि आतलं पिवळं पितळ दिसू लागलं. तरी मला भंगार समजू नका. मी एअरब्रश आहे. वय एकतीस, आणि नाकातून धुकं अजून सरळ रेषेत निघतं. माझ्या वयाच्या कुठल्याही पिचकारीला विचारून बघा.

जावातल्या तुलुंगागुंग गावी पाक कासिमान नावाचे रंगारी होते. पाक हे आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी मानाने लावतात. बस बांधणाऱ्या कारखान्यात ते रंग मारायचे. सगळ्या अंगाला रंग द्यायला त्यांच्याकडे मोठी स्प्रेगन होती. मला त्यांनी आणलं ते बसच्या कपाळावरची नावं, फुलं आणि छटा काढण्यासाठी. त्यांचा हात कसा सांगू! अंगठ्याएवढ्या पाकळीत ते सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही दाखवायचे.

त्यांची सगळ्यांत नावाजलेली बस म्हणजे ‘सेकार सोरे’, संध्याकाळचं फूल. ती लाल होती, पण साधी लाल नाही. साधा रंग खालचं सगळं झाकून टाकतो. सेकार सोरेचा रंग पारदर्शक होता, लिमलेटच्या गोळीसारखा. आधी चांदीचा थर द्यायचा आणि त्यावर या पातळ लालाचे हात मारायचे. पहिला हात मारला की गाडी गुलाबी दिसते. दुसऱ्याने थोडी गडद होते, तिसऱ्याने आणखी. उजेड लालातून आत जातो, चांदीवर आपटतो आणि परत बाहेर येतो, म्हणून गाडी आतून पेटल्यासारखी दिसते. पण या रंगाला दयामाया नाही. एक हात कमी पडला तर सरबत, एक जास्त झाला तर काळपट डाग. शिवाय खाली चांदीवर केस पडला, धूळ बसली, बोट लागलं, तर वर कितीही हात मारा, ते दिसतच राहतं.

पाक कासिमान यांना दोन मुलं. थोरली वार्सिनी, धाकटा गुनादी. वार्सिनी दुपारी बापाचा डबा घेऊन कारखान्यात यायची. बाप जेवायचा आणि ती गाडीसमोर उभी राहून रंगाकडे बघत बसायची. गुनादी यायचा तो गाडीच्या टपावर चढून गप्पा मारायला. त्याच्या तोंडाला विश्रांती माहीत नव्हती.

पुढे पाक कासिमान यांचे हात थरथरू लागले. एक दिवस त्यांनी पिवळ्या भाताचा डोंगर रचून शेजारपाजाऱ्यांना जेवू घातलं आणि सगळ्यांदेखत मला गुनादीच्या हाती दिलं. “माझा हात आता याच्याकडे गेला,” ते म्हणाले. वार्सिनी तेव्हा केळीच्या पानांवर भात वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, ते मी पाहिलं. मग म्हातारबाबा आपल्या भावाकडे खेड्यात गेले आणि बदकं पाळू लागले.

गुनादीने माझ्याकडून किती काम घेतलं माहीत आहे? दोन हेल्मेट. दोनच! दुसऱ्या हेल्मेटनंतर मला न धुता त्याने खणात टाकलं. मित्रांनो, आमच्या जातीला याहून मोठी शिक्षा नाही. रंग पोटात वाळला, सुई घशात अडकली, खटका हलेना. खणात माझ्याबरोबर गंजलेले स्क्रू होते, एक फुटका चष्मा होता आणि एक झुरळाचं कुटुंब होतं. दोन वर्षं मी त्यांचा संसार पाहिला. त्यांची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली. मी तिथेच.

त्या खणात हात घातला तो वार्सिनीने. ती तेव्हा टेंपे करून विकायची. सोयाबीनच्या वड्या पानात गुंडाळायला तिला दोरा हवा होता. दोऱ्याऐवजी मी हाताला लागलो. तिने मला उजेडात धरलं, वाटीत डोकावून पाहिलं आणि गुनादीवर अशी ओरडली की शेजारची कोंबडी उडाली.

“अरे नतद्रष्टा! बापाकचा हात आहे हा! धुवायचा तरी होतास!”

“म्बाक, धुणारच होतो गं,” गुनादी म्हणाला. थोरल्या बहिणीला तो म्बाक म्हणतो आणि वडिलांना दोघंही बापाक. “विसरलो.”

“दोन वर्षं?”

“जरा जास्तच विसरलो.”

तिने मला तीन दिवस थिनरमध्ये बुडवलं. जुन्या टूथब्रशने घासलं. सुई ओढली नाही, रोज थोडी थोडी फिरवली. चौथ्या दिवशी माझा श्वास मोकळा झाला. तिने वाटीत थोडा रंग घातला आणि टेंपेच्या एका पानावर माझं पहिलं धुकं सोडलं. मला त्याच क्षणी कळलं, मित्रांनो. पाक कासिमान यांचा हात कुठे गेला होता ते मला कळलं. त्यांना कळलं नव्हतं.

गुनादी अगदीच टाकाऊ होता असं समजू नका. पत्रा कापण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बिस्किटाच्या डब्यांच्या पत्र्यापासून तो हातभर लांबीच्या बस बनवायचा, खऱ्या बससारख्या हुबेहूब. आत आसनं, पडदे, ड्रायव्हरच्या आरशाला लटकणारी जपमाळसुद्धा. तो बांधायचा आणि वार्सिनी रंगवायची. पारदर्शक रंग मारताना ती एका बशीत चिंचोके ठेवायची. प्रत्येक हातानंतर एक चिंचोका उचलून दुसऱ्या बशीत टाकायचा आणि तो हात सुकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लालाला सात चिंचोके, निळ्याला पाच, केशरीला चार.

“म्बाक, तू रंग मारतेस का बाजार मांडतेस?” गुनादी चिडवायचा.

“गप रे. तुझ्या तोंडात एवढी हवा आहे, आपण कॉम्प्रेसर विकून टाकू.”

आता नावाची गोष्ट सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा वार्सिनी आत टेंपे तळत होती. गिऱ्हाईक बसकडे बघून खुळावलं. “वा! रंग कुणाचा?” गुनादीने तोंड उघडलं. त्याच्या तोंडून खरं निघणार होतं की खोटं, ते मला आजही माहीत नाही. कारण तेवढ्यात स्वयंपाकघरातून वार्सिनीच म्हणाली, “त्याचाच!” टेंपेवालीने रंगवलेली गाडी कोण घेईल, असं तिला वाटलं. गिऱ्हाइकाने बसच्या पोटाखाली सही मागितली. गुनादीने केली.

त्या ईदला पाक कासिमान गावी आले. त्यांनी एक बस उलटी करून सही वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. “माझा हात माझ्या पोरात उतरला,” ते म्हणाले. खेड्यात परत जाऊन त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं, बदकांनाही सांगितलं असणार. आता खरं कसं सांगायचं? म्हाताऱ्याचं मन मोडायचं कुणी? एकदा बोललेलं खोटं असं नऊ वर्षं चाललं. बस मालांगला गेल्या, सुराबायाला गेल्या, जाकार्तालाही गेल्या. मी लोकांनी केलेलं कौतुक ऐकायचो आणि मला कळायचं नाही की आनंद मानू की रडू.

मग भावंडांनी सेकार सोरे करायला घेतली. खरी सेकार सोरे कधीच भंगारात गेली होती. गुनादीने जुने फोटो बघून तिची लहान बस बांधली. मालांगला मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यात रंगकामाची वेगळी स्पर्धा होती आणि पाक कासिमान स्वतः बघायला येणार होते. वार्सिनीने त्या गाडीवर जीव ओतला. सातव्या चिंचोक्यानंतर तिने गाडी अंगणात उन्हात नेली आणि उजेडात हळूहळू फिरवली. गाडी आतून पेटली होती. म्हातारबाबांची संध्याकाळ परत आली होती, पत्र्याच्या हातभर बसवर.

त्या दिवशी मला धुता धुता ती गुनादीला म्हणाली, “गुन, या वेळी प्रदर्शनाच्या कार्डावर माझं नाव घाल.”

गुनादी कॉफी ढवळत होता. त्याचा चमचा थांबला. “बापाकसमोर? म्बाक, ते म्हणतील नऊ वर्षं मला फसवलंत.”

“तू फसवलंस.”

“‘त्याचाच’ कोण म्हणालं होतं? मी?”

तिने माझी सुई पुसली, पुन्हा पुसली, तिसऱ्यांदा पुसली. “जाऊ दे,” ती म्हणाली. “घाल तुझंच.” पण मित्रांनो, तिला ते जाऊ द्यायचं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, बापाने गाडी उलटी करावी आणि खाली तिचं नाव वाचावं, एवढंच तिला हवं होतं. हे मला माहीत होतं, कारण ज्याच्या हातात आपण रोज असतो त्याच्या मनातलं आपल्याला कळतंच.

मालांगचं सभागृह माणसांनी गच्च भरलं होतं. टेबलांवर शेकडो बस, ट्रक, रेल्वेची इंजिनं. सेकार सोरेच्या पुढे गर्दी हटत नव्हती. पाक कासिमान नव्या बाटिकच्या सदऱ्यात, डोक्यावर काळी टोपी घालून खुर्चीत बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, “माझा मुलगा. हा माझा मुलगा.” गुनादी हसत होता, पण त्याचं हसू कानापर्यंत पोचत नव्हतं. वार्सिनी मागे माझी पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

आणि तेवढ्यात घात झाला. फोटो काढायला वाकलेल्या एका गृहस्थांच्या कॅमेऱ्याचा पट्टा बसच्या मागच्या दरवाजात अडकला. दरवाजा निखळून खाली पडला. ते गृहस्थ “अरेरे” म्हणत मागे सरकले आणि नेमके त्याच्यावरच उभे राहिले. दरवाजा पापडासारखा चेपला.

परीक्षणाला दीड तास होता. मागच्या व्हरांड्यात दुरुस्तीचं टेबल होतं, कॉम्प्रेसरही होता. पण परीक्षक पाक हेंद्रातो कडक माणूस. पांढऱ्या मिशा, गळ्यात भिंग. ते म्हणाले, “दुरुस्ती खुशाल करा. मात्र कार्डावर ज्याचं नाव, त्यानेच रंगाला हात लावायचा. दुसऱ्याचा हात लागला तर गाडी बाद.”

वार्सिनीची एक सवय होती. प्रत्येक गाडीला ती एक दरवाजा जास्त करून घ्यायची आणि नुसती चांदी मारून कापसात ठेवायची. तो दरवाजा माझ्याच पेटीत होता. तिने पेटी गुनादीपुढे सरकवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, त्याचा त्याहून पांढरा.

गुनादीने काय करावं? तो आधी धीर यावा म्हणून कॉफीच्या टपरीवर गेला. आमच्या तुलुंगागुंगच्या माणसाची ही खोड मालांगला गेल्यावर थोडीच जाते! कॉफी प्यायची, बुडाला उरलेला दाट गाळ बोटाने कालवायचा आणि काडीने सिगारेटच्या कागदावर त्याची नक्षी काढायची. आमच्याकडे त्याच्या स्पर्धा होतात. सिगारेट वाईटच हं मित्रांनो, पण नक्षी बघण्यासारखी असते. गुनादीने घाबरून दोन सिगारेटी नक्षीने भरल्या, एकही ओढली नाही आणि तशाच हातांनी तो परत आला.

त्याने कापसातून चांदीचा दरवाजा उचलला. अंगठा आणि बोट, दोन्ही कॉफीच्या गाळाने माखलेली! मी ओरडलो असतो, पण मला तोंड नाही, नाक आहे. त्याने पेटीतल्या चिंचोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी काठोकाठ भरली, खटका धरून पार मागे ओढला आणि दाणदाण रंग सोडला. मी जमेल तेवढं बारीक धुकं केलं. पण मी हत्यार आहे, हात नाही. रंग ओघळला. आणि ओघळलेल्या लालाखाली, अगदी मधोमध, त्याच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला, वळ्यावळ्यांसकट.

साधा रंग असता तर झाकला गेला असता. हा रंग झाकत नाही.

पाक कासिमान काठी टेकत व्हरांड्यात आले होते. त्यांनी थरथरत्या हाताने दरवाजा घेतला, उजेडाकडे धरला, जरा तिरपा केला.

“गुन, हा अंगठा कुणाचा?”

“माझा, बापाक.”

“मग गाडीवर हा हात कुठेच कसा नाही?”

गुनादी, ज्याचं तोंड कधी मिटत नव्हतं तो गुनादी, बोटांवरचा गाळ सदऱ्याला पुसू लागला. म्हाताऱ्याची नजर दरवाज्यावरून हलेना. वार्सिनी उठली. ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“बापाक, गाडीवर माझा हात आहे. आजचाच नाही. नऊ वर्षांचा सगळा रंग माझा. गुन गाड्या बांधतो, मी रंगवते. पहिल्या दिवशी ‘त्याचाच’ असं मीच म्हणाले. रागवायचं तर मलाही रागवा. पण हा लाल माझा आहे.”

भोवती माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, “ही? ही तर टेंपे विकते!” दुसऱ्या टेबलाचा एक रंगारी हसून म्हणाला, “बाई, इथे फोडणी द्यायची नाही हं.”

“ठाऊक आहे,” वार्सिनी म्हणाली. “फोडणी करपली तर वर कोथिंबीर भुरभुरता येते. इथे ती सोय नाही.”

माणसं हसली आणि तो रंगारी मिशी चाचपू लागला. पाक हेंद्रातो मात्र हसले नाहीत. “कार्डावर नाव गुनादीचं आहे,” ते म्हणाले.

तेव्हा गुनादी पुढे झाला. त्याने गर्दीतल्या एकाच्या खिशाचं पेन ओढून घेतलं, कार्डावरचं आपलं नाव खोडलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वार्सिनी असं लिहिलं. “पाक, परीक्षण सुरू व्हायच्या आत कार्ड बदलता येतं. नियमाचं पुस्तक मी वाचलंय. मला वाचता येतं, रंगवता येत नाही.”

पाक हेंद्रातो यांनी घड्याळ पाहिलं. “एक तास उरलाय. इथेच रंगवायचं, सगळ्यांसमोर. दरवाजा गाडीशी जुळला तर गाडी या बाईंची. नाही जुळला तर बाद.”

वार्सिनी खाली बसली. आधी तिने काय केलं माहीत आहे? मला धुतलं. एका तासातली सहा मिनिटं तिने मला धुण्यात घालवली. गर्दीतून कुणीतरी “बाई, घाई करा” म्हणालं, तिने ऐकलं नाही. मग ठशाच्या दरवाज्याला तिने हात लावला नाही, तो बाजूला ठेवला. शूजखाली चेपलेला दरवाजा तिने थिनरने पुसून उघडा पत्रा केला, गुनादीने तो पक्कडीने आणि लाकडाच्या ठोकळ्याने सरळ केला. ते त्याचं काम, त्याला कुणी हरकत घेतली नाही. मग चांदी. चांदी वाळेपर्यंत ती हात मांडीत घेऊन बसली. मग बशीत चिंचोके मांडले. पाक कासिमान त्या बशीला लागूनच खुर्ची ओढून बसले होते.

पहिला हात मारला. गुलाबी. तिने न बघताच चिंचोका उचलला आणि दुसऱ्या बशीत टाकला. दुसरा हात. तिसरा. तिच्या बोटाखाली माझा खटका इतका हळू मागे यायचा की मला माझंच धुकं दिसत नव्हतं. चौथा. पाचवा. सहावा. तिने चिंचोका घ्यायला हात लांब केला, शेवटचा चिंचोका होता. तो टाकला आणि बशी रिकामी झाली.

“झालं!” गुनादीने सुस्कारा सोडला. “म्बाक, सात झाले.”

दरवाजा सुंदर दिसत होता. माणसं टाळ्या वाजवायला निघाली. वार्सिनीने मात्र मला खाली ठेवलं नाही. तिने दरवाजा गाडीशेजारी धरला, मान कलती केली. पुन्हा पाहिलं.

मी मोजले होते, मित्रांनो! माझ्या नाकातून सहाच हात गेले होते. पण बशी म्हणत होती सात. आणि बशी खरी असेल, तर पुढचा हात आठवा. आठव्याने दरवाजा काळवंडेल, पुसून पुन्हा करायला वेळ नाही, नऊ वर्षं पाण्यात. ती बशीवर विश्वास ठेवेल की डोळ्यांवर?

“बशी रिकामी आहे,” वार्सिनी म्हणाली, “पण हा माझा लाल नाही. अजून एक हात कमी आहे.”

“म्बाक, अगं वेडी आहेस का!” गुनादी किंचाळला.

तिने खटका दाबला, मागे ओढला. मी जन्मात सोडलं नव्हतं असं धुकं सोडलं. डावीकडून उजवीकडे एकदा आणि बस. थोडा वेळ ती फुंकरही न घालता थांबली. मग दरवाजा गाडीला बसवला आणि गाडी उन्हात सरकवली.

दरवाजा कुठे आहे ते दिसेना! सांध्याची रेघ सोडली तर कुठे गाडी संपते आणि कुठे दरवाजा सुरू होतो, कुणाला सांगता येईना. पाक हेंद्रातो यांनी भिंग लावलं, वाकले, बाजूने बघितलं, खालून बघितलं. मग भिंग परत गळ्यात सोडलं आणि एकच शब्द बोलले, “जुळला.”

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! मिशीवाला रंगारीसुद्धा वाजवत होता.

त्या गोंधळात पाक कासिमान यांनी आपली थरथरती मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर एक चिंचोका होता.

“बापाक!” वार्सिनी ताडकन उठली. “तुम्ही चोरलात? माझा जीव गेला असता!”

“मला बघायचं होतं,” म्हातारा म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. “मोजून रंगवणारा सहावर थांबला असता. तू बघून रंगवतेस.” मग त्याने गाडीच्या टपावरून बोट न लावता हात फिरवला, हवेतच. “माझ्या गाडीला मी आठ हात मारायचो. तू सातच का मारतेस?”

“पहिल्या गाडीला आठ मारले होते, बापाक. लहान अंगावर तेच आठ काळे दिसतात. ती गाडी मी पुसून टाकली. सातावर येईपर्यंत चार गाड्या पुसल्या.”

“हे मी तुला शिकवलेलं नाही.”

“नाही.”

“मला सुचलंही नसतं,” पाक कासिमान म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्याही रंगाबद्दल असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मग ते गुनादीकडे वळले. “आणि तू! पिवळा भात खाल्लास ना सगळा? आता तिला तसाच भात घाल. तुझ्या खर्चाने. गावजेवण.”

“घालतो, बापाक.”

“डोंगर मोठा कर. हातभर नको, बसएवढा.”

संध्याकाळी व्यासपीठावरून रंगकामाचा पहिला क्रमांक पुकारला गेला: “तुलुंगागुंगच्या इबू वार्सिनी!” इबू म्हणजे मानाने म्हटलेलं ‘बाई’. ती चढली ती मला हातात घेऊनच. दिव्यांच्या उजेडात माझं पिवळं पितळ सगळ्या सभागृहाने पाहिलं. नवा असतानाही मला कधी इतका मान मिळाला नव्हता. खाली पाक कासिमान शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होते, “माझी मुलगी. ही माझी मुलगी.”

आता आमच्या कामाच्या खोलीत दोन गोष्टी नव्या आहेत. भिंतीवर खिळ्याला तो ठशाचा दरवाजा टांगलेला आहे. गिऱ्हाईक आलं की गुनादी स्वतः तो दाखवतो आणि मोठ्याने सांगतो, “हे माझं रंगकाम, बघून घ्या. बाकी सगळं माझ्या म्बाकचं.” माणसं पोट धरून हसतात, आणि तो त्यांच्यापेक्षा जास्त हसतो. हो, आणि चांदीला हात लावायच्या आधी तो आता दोनदा साबण लावतो.

दुसरी गोष्ट सहीची. बसच्या पोटाखाली काळ्या पेनने आता कुणी सही करत नाही. चांदी वाळली की वार्सिनी बारीक काडीने मागच्या कोपऱ्यात आपलं नाव लिहिते, शेजारी गुनादीचंही. मग मी त्यावर सातही हात मारतो. नाव लालाच्या आत राहतं, उन्हात धरलं की दिसतं आणि कुणाला पुसता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा खण असेल. त्यात माझ्यासारखं कुणीतरी न धुतलेलं, विसरलेलं पडलं असेल. त्याला काढा. ओढू नका, रोज थोडं थोडं फिरवा, त्याचा श्वास मोकळा होईल. आणि एखादं सुंदर काम पाहून “हे कुणाचं?” असं विचाराल, तेव्हा समोरच्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच बघत राहू नका. आतल्या स्वयंपाकघरातून कुणी “त्याचाच” म्हणालं, तर जरा आत जाऊन तिचे हात बघा. तिच्या नखांत लाल रंग असेल.